यादीतली वजाबाकी

१ मार्च २०२४ रोजी जागतिक बुद्धिबळ महासंघाने, म्हणजे फिडेने, २००० च्या खालच्या सगळ्या खेळाडूंचे क्लासिकल रेटिंग एका फटक्यात वाढवले. सूत्र सोपे होते. खेळाडू २००० पासून जितका खाली, त्याच्या चाळीस टक्के गुण त्याच्या खात्यावर जमा झाले. हिंगोली, वसमत, कळमनुरीकडचा एखादा मुलगा फेब्रुवारीच्या यादीत १२०० वर असेल, तर मार्चच्या यादीत तो १५२० वर दिसला. हजारावरचा १४०० वर गेला आणि १४०० हाच यादीचा नवा तळ ठरला. मधल्या काळात त्याने एकही प्यादे हलवले नसेल, तरीसुद्धा. फिडेकडे त्याला सबळ कारण होते. नव्याने येणारी मुले कमी रेटिंगवर यादीत शिरत, भराभर सुधारत आणि तोवर समोरच्यांचे गुण काढून घेत. त्यामुळे खालचा सगळा थर वर्षानुवर्षे खचत चालला होता. वाकलेली पट्टी महासंघाने सरळ केली. त्या दोन महिन्यांच्या याद्या शेजारी ठेवून ‘पोरगा ३२० गुणांनी सुधारला’ असे शहाणा माणूस म्हणणार नाही.

माणसांच्या बाबतीत जी गोष्ट आपल्याला इतकी उघड दिसते, ती संगणकाच्या इंजिनांची यादी समोर आली की का दिसत नाही? मी हिंगोलीत मुलांना बुद्धिबळ शिकवतो. स्टॉकफिश हे इंजिन आज प्रत्येक मुलाच्या मोबाइलमध्ये आहे. कोणती आवृत्ती घ्यायची, कोणते इंजिन खरे ताकदीचे, असा प्रश्न निघाला की मुले, त्यांचे पालक आणि माझ्यासारखे प्रशिक्षकही इंजिनांची क्रमवारी लावणाऱ्या सीसीआरएल किंवा सीईजीटीची रेटिंग यादी उघडतात, दोन आकडे काढतात आणि वजाबाकी करतात. वजाबाकीत जे येईल तो निकाल. या सर्वमान्य रिवाजाशी माझा वाद आहे.

पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडायला हवा. तो असा: यंत्राला झोप येत नाही, ते आजारी पडत नाही, हरण्याच्या भीतीने त्याचा हात थरथरत नाही, म्हणून माणसाच्या रेटिंगमधली अनिश्चितता यंत्राच्या रेटिंगमध्ये उरत नाही. यादीसाठी लाखो डाव खेळवलेले असतात. सगळ्यांना सारखा वेळ दिलेला असतो. सूत्र गणिताचे आहे, त्यात कोणाची मर्जी चालत नाही. तेव्हा नवी आवृत्ती जुनीपेक्षा ३० गुण वर असेल तर ती ३० गुणांनीच बलवान, आणि यादीत जी पहिली ती जगात पहिली. यादी मानायची नसेल, तर मग दुसरे प्रमाण कोणते?

शेवटचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर देणे मला भाग आहे. पण त्याआधी मुळात हा आकडा काय सांगतो ते पाहू.

रेटिंगची ही पद्धत अर्पाद इलो यांची. हंगेरीत जन्मलेले इलो अमेरिकेत मिलवॉकीच्या मार्केट विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवत. अमेरिकेच्या महासंघाने त्यांची पद्धत १९६० मध्ये स्वीकारली, फिडेने १९७० मध्ये. पद्धतीचा गाभा एवढाच की दोघांच्या रेटिंगमधल्या फरकावरून त्यांच्यातल्या लढतींचा अपेक्षित निकाल सांगायचा. फरक १०० असेल तर वरच्याला शंभर डावांत सुमारे ६४ गुण, २०० असेल तर ७६, ४०० असेल तर ९१. यात शून्य कुठेही रोवलेले नाही. यादीतल्या प्रत्येकाला आणखी हजार गुण देऊन टाकले तरी एकही भाकीत बदलत नाही. म्हणजे ‘स्टॉकफिश ३६००’ या वाक्याला एकट्याने काही अर्थच नाही. अर्थ येतो तो यादीतल्या दुसऱ्या कोणाशी नाते जोडल्यावर, आणि तेही ज्या डावांतून हे नाते काढले त्या डावांपुरता.

नाते तुटले की आकडा कसा भरकटतो याचा सर्वांत बोलका दाखला अमेरिकेतला आहे. व्हर्जिनियाच्या तुरुंगात जन्मठेप भोगणारा क्लॉड ब्लडगुड सहकैद्यांशीच डावांमागून डाव खेळत राहिला आणि १९९६ मध्ये त्याचे रेटिंग २७०२ झाले. अमेरिकेच्या यादीत दुसरा क्रमांक! सूत्रात चूक नव्हती, बेरीज-वजाबाकी बरोबर होती. फक्त ज्या गटात तो खेळत होता, त्या गटाचा बाहेरच्या बुद्धिबळाशी संबंधच उरला नव्हता. इंजिनांचा गटही आज असाच बंद आहे. एके काळी तो माणसांशी जोडलेला होता. स्वीडनच्या एसएसडीएफ या संस्थेने ऐंशीच्या दशकापासून यंत्रांची यादी चालवली आणि तिची पातळी स्वीडिश खेळाडूंशी झालेल्या डावांवरून ठरवली. पुढे २००० साली ती पातळी जास्त वाटल्याने सगळी यादी १०० गुणांनी खाली आणली. १९९७ मध्ये कास्पारोव्ह डीप ब्लूकडून अडीच विरुद्ध साडेतीनने हरला, २००६ च्या अखेरीस बॉनमध्ये क्रामनिक डीप फ्रिट्झकडून दोन विरुद्ध चारने. त्यानंतर अव्वल माणूस आणि अव्वल यंत्र यांच्यात बरोबरीच्या अटींवर अशी गंभीर लढत उरलीच नाही. मे २०१४ मधले कार्लसनचे २८८२ आणि इंजिनांच्या यादीतले साडेतीन हजारांवरचे आकडे यांची वजाबाकी करून ‘यंत्र सातशेने पुढे’ असे सांगणारे लेख मी दर महिन्याला वाचतो. यंत्र पुढे आहे यात शंका नाही, किती पुढे ते मात्र या वजाबाकीतून कळत नाही, कारण वजा करायचे दोन्ही आकडे दोन वेगळ्या पट्ट्यांवरचे आहेत.

यावर कोणी म्हणेल, माणूस आणि यंत्र सोडा, एकाच यादीतल्या एकाच इंजिनाच्या दोन आवृत्त्या तर एकाच पट्टीवर आहेत ना? पूर्वपक्षाचा खरा किल्ला हाच आहे. तेव्हा त्याच्यावरच थोडे थांबू.

‘सगळ्यांना सारखा वेळ’ हे पहिले विधान घेऊ. सीसीआरएलच्या मुख्य यादीत ४० खेळ्यांना १५ मिनिटे मिळतात, पण ही मिनिटे इंटेलच्या आय७-४७७०के या प्रोसेसरच्या हिशेबातली आहेत. डाव चालवणारे परीक्षक जगभर आपापल्या घरच्या संगणकांवर बसलेले असतात आणि आपले यंत्र किती वेगवान आहे ते मोजून त्या प्रमाणात वेळ कमी-जास्त करतात. प्रतिस्पर्ध्याच्या वेळात विचार करणे बंद असते, सुरुवातीच्या खेळ्या फार तर बाराव्या खेळीपर्यंत एका सर्वसाधारण पुस्तकातून येतात. हे सगळे ते प्रामाणिकपणे छापतात. अडचण पुढे आहे. सप्टेंबर २०२० मध्ये स्टॉकफिश १२ आले आणि पटाचे मूल्यमापन मुख्यतः एका छोट्या न्यूरल जाळ्याकडे गेले. ही एनएनयूई नावाची रीत यू नासू यांनी २०१८ मध्ये जपानी शोगीसाठी मांडली होती. हे जाळे पळते ते प्रोसेसरच्या अशा सूचनांवर, ज्या एका दमात अनेक आकड्यांवर क्रिया करतात. ज्या प्रोसेसरवर या सूचना उत्तम, तिथे स्टॉकफिश १२ सुसाट. ज्यावर त्या जुन्या किंवा अपुऱ्या, तिथे ते अडखळणार, पण स्टॉकफिश ११ ला त्याची फारशी झळ लागणार नाही. म्हणजे ११ आणि १२ मधले अंतर हे त्या दोन आवृत्त्यांचे अंतर असतेच, शिवाय ज्या यंत्रावर मोजले त्या यंत्राचेही असते. यादीवाल्याच्या डेस्कटॉपवर निघालेला फरक सेनगावच्या मुलाच्या स्वस्त मोबाइलवर जसाच्या तसा निघेल असे मानायला काही आधार नाही. न्यायशास्त्राच्या भाषेत हा सोपाधिक हेतू आहे: ज्या अटीमुळे निष्कर्ष खरा ठरला, ती अट वाक्यातून गाळून टाकलेली आहे.

अटी किती वजनदार असतात हे डीपमाइंडच्या अल्फाझीरोने दाखवून दिले आहे. डिसेंबर २०१७ मध्ये जाहीर झालेल्या सामन्यात त्याने स्टॉकफिश ८ शी १०० डाव खेळून २८ जिंकले, ७२ बरोबरीत सोडवले, एकही हरले नाही. जगभर मथळे झळकले. पण स्टॉकफिशला प्रत्येक खेळीला ठरावीक एक मिनिट होते, स्वतःचा वेळ स्वतः वाटून घेण्याचे त्याचे कौशल्य त्यामुळे निकामी झाले, आणि स्मृतीला अवघे एक गीगाबाइट. ६४ टक्के गुणांचे इलोच्या सूत्राने रूपांतर केले तर १०० गुणांचा फरक येतो. वर्षभराने, डिसेंबर २०१८ मध्ये, ‘सायन्स’ या नियतकालिकात सविस्तर निबंध आला. या वेळी १००० डाव, प्रत्येक बाजूला तीन तास आणि दर खेळीला १५ सेकंदांची भर, स्टॉकफिशला ३२ गीगाबाइट स्मृती. अल्फाझीरोने १५५ जिंकले, ६ हरले, बाकीचे बरोबरीत. हिशेब केला तर फरक येतो सुमारे ५२. विजेता तोच, पण अंतर जवळपास निम्मे. हा योगायोगही म्हणता येत नाही, कारण डावांच्या संख्येवरून त्रुटीची मर्यादा काढली तर पहिल्या सामन्यात ती साधारण ३३ गुण वर-खाली येते आणि दुसऱ्यात ८. शंभर आणि बावन्न यांच्यातली दरी दोन्ही मर्यादा एकत्र धरूनही भरत नाही. दोन्ही सामन्यांत इतर तपशीलही बदलले होते हे मान्य आहे. माझा मुद्दा त्यानेच बळकट होतो.

आता ‘लाखो डाव’ या विधानाकडे येऊ. यादीत एकूण डाव लाखो असतात, एका आवृत्तीच्या वाट्याला मात्र बहुधा काहीशे किंवा हजार येतात. निम्मे डाव बरोबरीत सुटतात असे धरले तर १००० डावांनंतर रेटिंगची त्रुटी सुमारे १५ गुण वर आणि १५ खाली असते. १०० डावांनंतर जवळपास ५०. दोन आवृत्त्यांची वजाबाकी केली की दोघींच्या त्रुटी एकत्र येतात आणि १५ ची मर्यादा ढोबळमानाने २१ वर जाते. म्हणजे हजार-हजार डाव खेळलेल्या दोन आवृत्त्यांमधला २० गुणांचा फरक हा फरक आहे की नाही, हेच सांगता येत नाही. सीसीआरएल ही मर्यादा प्रत्येक नावापुढे अधिक-वजा चिन्हांसह छापते, एक दुसऱ्यापेक्षा वरचढ असण्याची शक्यता किती तेही छापते. म्हणून माझे खंडन यादी करणाऱ्यांचे नाही. त्यांनी छापलेले दोन रकाने सोडून तिसराच वाचणाऱ्या आपल्या सवयीचे ते आहे.

याहून सूक्ष्म दोष ‘फक्त सर्वोत्तम आवृत्त्या’ दाखवणाऱ्या यादीत लपलेला आहे. वाचकांना ती आवडते, सुटसुटीत असते. पण समजा एका इंजिनाच्या दहा आवृत्त्या यादीत आहेत आणि दहाही अगदी सारख्या ताकदीच्या आहेत. प्रत्येकीचे रेटिंग १५ च्या त्रुटीने इकडेतिकडे विखुरले जाणार. त्यांतले सर्वांत वरचे उचलले, तर ते खऱ्या ताकदीपेक्षा सरासरी १२ गुणांनी जास्त निघते. हे बारा गुण कोणी कमावलेले नाहीत. दहा वेळा नशीब अजमावून त्यातला सर्वांत चांगला निकाल ठेवल्याचे ते फळ आहे. शेजारी ज्या प्रोग्रामरने वर्षातून एकदाच, नीट तपासून, एकच आवृत्ती काढली, त्याला हे बारा गुण मिळत नाहीत. जो जास्त आवृत्त्या काढतो तो पुढे दिसतो. पुढे त्या वरच्या आवृत्तीचे डाव वाढले की तिचे रेटिंग खाली सरकू लागते आणि लोक त्याला घसरण समजतात. घसरण कसली, तो आकडा आपल्या खऱ्या जागी परत येत असतो.

म्हणून काही जण टोकाचा उपाय सुचवतात: जुन्या आवृत्त्या यादीतून काढूनच टाका. हे मला मुळीच मान्य नाही. जुनी आवृत्ती बदलत नाही. तिच्यात नवी कल्पना शिरत नाही, तिची तयारी वाढत नाही. ती जशी होती तशीच राहते. माणसांच्या यादीला असा एकही खुंटा मिळत नाही, म्हणून तर फिडेला २०२४ मध्ये सूत्र लावून थर उचलावा लागला. इंजिनांच्या यादीला तो सहज मिळाला आहे आणि तो उपटून टाकण्यात शहाणपण नाही. तिला क्रमवारीत मिरवू नका, प्रतिस्पर्धी म्हणून जरूर ठेवा.

मात्र नवी आवृत्ती फक्त आपल्याच जुन्या आवृत्तीशी खेळवली तर आणखी एक दोष शिरतो. दोघी एकाच घराण्यातल्या. नवीला जुनीचे सगळे आंधळे कोपरे वारशाने माहीत असतात आणि त्यांतल्या एखाद्याच कोपऱ्यात ती सुधारलेली असते, त्यामुळे प्रत्येक डावात तीच सुधारणा वसूल होते. परक्या इंजिनांशी खेळताना ती तितकी वसूल होत नाही. घरातल्या लढतीत दिसलेला फरक बाहेर बहुधा आक्रसतो, हा इंजिने घडवणाऱ्यांचा नेहमीचा अनुभव आहे. म्हणून ‘मागच्या आवृत्तीपेक्षा इतके गुण जास्त’ ही घोषणा खरी असूनही ती यादीतल्या वाढीशी जुळत नाही, आणि दोघांतले कोणीही खोटे बोलत नसते.

खंडन इथवर. आता दुसरे प्रमाण कोणते, या प्रश्नाकडे.

उत्तर आपल्या जिल्ह्याच्या मातीत फार पूर्वीपासून आहे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने सोयाबीनचे वाण काढले: एमएयूएस ७१, १५८, १६२, ६१२. नावापुढचे आकडे इंजिनांच्या आवृत्त्यांसारखेच वाढत गेलेले. कळमनुरी तालुक्यातल्या शेतकऱ्याने एका वर्षी ७१ पेरला आणि दुसऱ्या वर्षी ६१२, तर दोन वर्षांच्या उताऱ्याची वजाबाकी करून तो वाणाचा निकाल लावत नाही. पाऊस वेगळा होता, रान वेगळे होते, पेरणी आठवडाभर पुढेमागे झाली होती, हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर दोन्ही वाण एकाच हंगामात, एकाच रानात, शेजारशेजारच्या वाफ्यांत पेरतात; सोबत एक जुना, माहितीतला वाण तुलनेसाठी असतोच; आणि कोणता वाफा कोणाला, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवतात, तेही पुन्हा पुन्हा. ही शिस्त इंग्लंडमध्ये रॉदमस्टेडच्या शेतांवर रोनाल्ड फिशर यांनी घडवली आणि भारतीय शेतीत ती रुजवण्यात दोन मराठी माणसांचा वाटा फार मोठा आहे: विनायक गोविंद पानसे आणि पांडुरंग वासुदेव सुखात्मे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे सुखात्मे पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत गेले. आज महसूल मंडळात होणाऱ्या पीक कापणी प्रयोगामागे त्यांनी घातलेला पाया आहे. चाळीसच्या दशकात त्यांनी दाखवले की कापणीसाठी फार लहान तुकडा घेतला तर काठावरची रोपे आत धरली जातात आणि उतारा फुगतो. चूक मोजणाऱ्याच्या मनात नसते, तुकड्याच्या आकारातच असते. असे कितीही लहान तुकडे कापले तरी ती सरासरीत नाहीशी होत नाही. इंजिनांच्या यादीकडे पाहताना सुखात्म्यांचा हा धडा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. डावांची संख्या वाढवून अनिश्चितता कमी होते, कलते माप सरळ होत नाही.

बुद्धिबळात वाफ्याची जागा सुरुवातीची स्थिती घेते. एक स्थिती निवडायची, दोन्ही आवृत्त्यांना ती दोनदा खेळायला लावायची, एकदा पांढऱ्या मोहऱ्यांनी आणि एकदा काळ्या. मग गुणांची बेरीज डावाची नाही, जोडीची करायची. स्टॉकफिशची स्वतःची चाचणी व्यवस्था, फिशटेस्ट, नेमके हेच करते. २०१३ मध्ये गॅरी लिन्स्कॉट यांनी ती सुरू केली आणि तिला लागणारी संगणकशक्ती जगभरचे स्वयंसेवक पुरवतात. जोडीने मोजल्यामुळे एखादी स्थिती पांढऱ्याला फार अनुकूल असली तरी तो लाभ दोघींना एकेकदा मिळून फिटतो.

इथे बरोबरीचा प्रश्न येतो. आजची अव्वल इंजिने मूळ स्थितीतून सुरू झालेले बहुतेक डाव बरोबरीतच सोडवतात, मग फरक दिसणार कुठून? त्यासाठी मुद्दाम असमतोल सुरुवाती वापरतात, ज्यात एक बाजू विजयाच्या उंबरठ्यावर असते. स्टेफान पोल यांनी माणसांच्या डावांतून निवडलेला असा संच फिशटेस्टनेही स्वीकारला. टीसीईसी या इंजिनांच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यातही सुरुवाती अशाच निवडलेल्या असतात. चांगले इंजिन वरचढ बाजूने जिंकते आणि पडत्या बाजूने बरोबरी वाचवते, तिथेच जोडी फुटते. रीत उत्तम आहे. पण तिने पट्टी ताणली जाते: त्याच दोन आवृत्त्यांमधले अंतर असमतोल सुरुवातींत मोठे दिसते, साध्या पुस्तकातून खेळवले तर लहान. म्हणून एका यादीतला ४० गुणांचा फरक आणि दुसरीतला २० चा फरक यांत विरोध असेलच असे नाही. एखाद्या मुलाला यांपैकी कोणता फरक उपयोगी, हे त्याला कोणत्या स्थिती अभ्यासायच्या आहेत त्यावर ठरेल.

 साधे, घरगुती डाव खेळणाऱ्या मुलाला साध्या सुरुवातींतला फरकच जास्त कामाचा.

जोडीने मोजणे ही पहिली अट, दुसरी थांबण्याची. सामना चालू असताना आकडे पाहत राहायचे आणि आपली आवृत्ती पुढे गेली की थांबायचे, ही खोड फार पसरलेली आहे. अशा रीतीने दोन सारख्या इंजिनांतही पाहिजे तो विजेता काढता येतो. धीर धरला की पुरे. यावर दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आब्राहम वाल्ड यांनी उपाय काढला. किती फरक सिद्ध झाला म्हणजे मान्य आणि किती झाला नाही म्हणजे अमान्य, या दोन्ही सीमा डाव सुरू होण्यापूर्वीच ठरवायच्या आणि मोजणी त्यांपैकी एकीला टेकेपर्यंत थांबायचे नाही. फिशटेस्टमध्ये प्रत्येक बदल याच कसोटीवर चढतो.

आधी ठरवून मोजण्याची ही शिस्त लवकरच आपल्या जिल्ह्यातही राबेल. औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळ्याजवळ लायगो-इंडियाची वेधशाळा उभी राहते आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला २,६०० कोटी रुपये मंजूर केले. अमेरिकेतल्या दोन लायगो यंत्रांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी गुरुत्वीय लहर टिपली तेव्हा शास्त्रज्ञांनी आधी एक वेगळाच प्रश्न सोडवला: नुसता गोंगाट किती वेळा लहरीचे सोंग घेतो? त्यांनी एका यंत्राची नोंद दुसरीपेक्षा मुद्दाम पुढेमागे सरकवली. लहर प्रकाशाच्या वेगाने जाते, त्यामुळे एवढ्या अंतराने दोन्हीकडे खरी लहर जुळूच शकत नाही. जे जुळले तो गोंगाट. असे असंख्य वेळा करून त्यांना कळले की इतकी ठळक जुळणी गोंगाटातून दोन लाख वर्षांत एकदाही अपेक्षित नाही. मगच घोषणा झाली.

इंजिनांच्या यादीत हेच करता येईल आणि ते स्वस्त आहे. एकच आवृत्ती, एकच फाइल, दोन वेगळ्या नावांनी यादीत घाला आणि दोघींना इतरांसारखेच खेळवा. त्या दोन नावांत जेवढे अंतर पडेल तो त्या यादीचा गोंगाट. ज्या यादीत स्वतःच स्वतःपेक्षा १८ गुणांनी ‘बलवान’ ठरता येते, त्या यादीतल्या १५ गुणांच्या प्रगतीवर कोणी पेढे वाटू नयेत. माझी तर सूचना आहे की प्रत्येक यादीने असे एक जुळे कायम ठेवावे आणि त्याचे अंतर सगळ्यांत वर, ठळक छापावे.

राहिला समान यंत्राचा आक्षेप. २०१८ मध्ये लीला हे इंजिन आले. ते ग्राफिक्स कार्डावर पळते, स्टॉकफिश साध्या प्रोसेसरवर. दोघांना ‘एकच यंत्र’ द्यायचे म्हणजे काय द्यायचे? किंमत सारखी धरायची, वीज सारखी धरायची, की दोघांना जे बाजारात सहज मिळते ते द्यायचे? याला एकच बरोबर उत्तर नाही, पण प्रत्येक उत्तर एका वेगळ्या प्रश्नाचे उत्तर आहे. जो विकत घेणार त्याला किंमत महत्त्वाची, जो शोधपद्धतीचा अभ्यास करतो त्याला दोन्हींनी किती स्थिती तपासल्या हे महत्त्वाचे. एकाच इंजिनाच्या दोन आवृत्त्यांपुरता हा पेच बराच सैल होतो: ज्या यंत्रावर वापरायचे, त्याच यंत्रावर दोघी खेळवाव्यात. माझ्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत ते यंत्र म्हणजे त्यांचा मोबाइल किंवा घरचा जुना लॅपटॉप.

आणि तेवढ्यावर हे झेपते का? हिशेब करू. प्रत्येक बाजूला एक मिनिट दिले तर डाव सुमारे दोन मिनिटांत संपतो. निम्मे डाव बरोबरीत जातील असे धरले, तर ३० गुणांचा दावा गोंगाटातून वर काढायला निदान पावणेतीनशे डाव लागतात. एक लॅपटॉप रात्री लावून ठेवला तर नऊ तासांत सकाळी उत्तर हातात येते. १० गुणांच्या दाव्याला सुमारे २,४०० डाव, म्हणजे तीन-साडेतीन दिवस. ५ गुणांचा दावा असेल तर दहा हजारांच्या आसपास डाव आणि तोच लॅपटॉप दोन आठवडे अखंड चालू.